मागचा स्पीकर स्वयंपाकघरात

"आवाज कमी करा वो," हे वाक्य मी माझ्या नवऱ्याला तीस वर्षं म्हटलं असेल. हे लोहाऱ्याला सूतगिरणीत होते, आणि तिथल्या मशिनींनी यांचे कान खाऊन टाकले होते. घरी आले की टीव्ही असा लावायचे की समोरच्या घरच्यांनी आपला टीव्ही लावायचंच सोडून दिलं. आमच्याच टीव्हीवर त्यांच्या बातम्या होऊन जायच्या.

मी लोकांचे ब्लाउज शिवायचे. माझी मशीन स्वयंपाकघराच्या दारात. एक डोळा शेगडीवर, एक सुईवर. बैठकीत यांचा सोफा, यांचा टीव्ही, यांचे मित्र. मी तिथे जाऊन ऐसपैस बसू नये असं कोणी म्हटलं नव्हतं, पण बसलेही नाही कधी. त्यामुळे आयुष्यभर बातम्या काय, मालिका काय, सगळं मी पाठमोरं ऐकलं. कितीतरी मालिकांमधल्या सासवा मला आवाजावरून ओळखू येतात. चेहरा दाखवला तर सांगता यायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. पाहुणे परत गेल्यावर एका दुपारी मी टीव्ही लावला आणि आवाज माणसासारखा कमी केला. मनात म्हटलं, चला, आता तरी घरात शांतता. तर काय, पडद्यावरची बाई ओठ हलवते आहे आणि मला भुणभुण ऐकू येते आहे. वाटलं टीव्ही बिघडला. मेकॅनिक येऊन पाहून गेला, टीव्ही ठणठणीत होता. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यांच्या बहिरेपणाखाली माझा बहिरेपणा इतकी वर्षं झाकला गेला होता. त्या मोठ्या आवाजाला मी नावं ठेवत होते आणि त्याच आवाजावर जगत होते.

हे मी कोणाला सांगितलं नाही. माझा एकच मुलगा, तो पुण्याला. सून पण तिकडे नोकरी करते, आठ वर्षांची नात आहे. मुलगा आधीपासूनच म्हणत होता की आई, घराला कुलूप लाव आणि इकडे ये. मला कमी ऐकू येतं हे कळलं असतं तर त्याने स्वतः येऊन कुलूप लावलं असतं. घरात काय मोठं आहे म्हणा, तीन खोल्या आणि एक मोरी. पण इथे मला डोळे मिटून मिठाचा डबा सापडतो. पुण्याला मी पंधरा दिवस राहिले तेव्हा रोज सुनेला विचारायचे, मीठ कुठे आहे.

तर रविवारी अकरा वाजता टीव्हीवर फोन येतो. मुलाने टीव्हीच्या डोक्यावर कॅमेरा बसवून दिला आहे, त्यामुळे नातीचं तोंड हे एवढं परातीसारखं मोठं दिसतं. ती बोलायला लागली की थांबायची नाही, आणि मला त्यातला शब्द लागायचा नाही. मी आपली तिच्या तोंडाकडे पाहून अंदाज घ्यायचे. हसली की "अरे वा", गंभीर झाली की "हो का", आणि काही विचारल्यासारखं वाटलं की "हो बाळा". वर्षभर ही गाडी चालली. मग मागच्या हिवाळ्यापासून पोरगी आटली. यायची, "हाय आजी" म्हणायची, फ्रॉकची नाडी बोटाला गुंडाळायची आणि निघून जायची. काय झालं ते विचारायची मला सोय नव्हती. कदाचित तिने सांगितलंही असेल आणि मी "अरे वा" म्हटलं असेल.

शेजारच्या घरी मी एक दिवस हळदीकुंकवाला गेले तर त्यांच्या टीव्हीतला माणूस अगदी स्पष्ट बोलत होता. खाली लांबट काळी पट्टी ठेवलेली. साउंडबार म्हणे. घरी आले आणि मुलाला फोन केला, "मले थेटरसारखा आवाज पाह्यजे. पिक्चर पाहाचे आहेत मले."

मला वाटलं तो हसेल. तर पोरगा असा खुलला की विचारू नका. लहानपणी हा यांच्यासोबत रेडिओ उघडून बसायचा, तसा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून सुटल्या सुटल्या त्याचा फोन. फोन कानाला दाबून धरला की मला बरं ऐकू येतं. समोर पट्टी, त्यात तीन तोंडं, मागे दोन छोटे स्पीकर, आणि एक धाडधाड करणारा डबा, असं त्याने समजावून सांगितलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. याच्यात हे आहे, त्याच्यात ते नाही. पुण्याला गेल्यापासून तो माझ्याशी पुस्तकातलं बोलतो, पण त्या दिवशी बोलता बोलता म्हणाला, "थांब आई, मी पाहून राह्यलो ना." मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. आपल्याकडचं बोलणं कितीतरी वर्षांनी ऐकलं होतं मी त्याच्या तोंडून.

खरं सांगायचं तर साउंडबार मला दुकानाच्या पहिल्याच फेरीत पसंत पडला होता. मी तीन फेऱ्या केल्या. घेतला की हे फोन बंद होतील हे मला कळत होतं.

दुकान दारव्हा रोडवर आहे. मालक आधी रेडिओ दुरुस्त करायचे, यांचे जुने दोस्त. मला भाभी म्हणतात. त्यांनी मला मधोमध गुबगुबीत खुर्चीवर बसवलं आणि एक पिक्चर लावला. गाड्या उडाल्या, काचा फुटल्या, माझ्या छातीत धडधडलं. मग म्हणाले, आता ऐका, मागून पाऊस येते. खरंच आला. मी म्हटलं, पाऊस राहू द्या, कोणी बोलून राह्यलं असेल ते लावा. त्यांनी बातम्या लावल्या. मी उठले, त्यांच्या गोदामाच्या दारात जाऊन उभी राहिले आणि पाठ फिरवली.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती माझ्याकडे पाहायला लागली. मालक म्हणाले, "भाभी, रुसल्या का?"

"मी अशीच ऐकते," मी म्हटलं. "तुम्ही एकेक लावा."

पहिला मोठा, दिसायला झोकदार, पण त्यातली बाई तोंडात घास ठेवून बोलत होती. दुसऱ्यात शब्द कळत होते, पण टाचणीसारखे टोचत होते. तिसरा त्यातल्या त्यात लहान. त्याच्या रिमोटला एक बटन होतं, ते दाबलं की बाकीचं संगीत मागे सरतं आणि माणसाचं बोलणं पुढे येतं. त्यांनी ते दाबलं आणि गोदामाच्या दारात मला पाठमोरं कळलं की दारव्ह्याला सोयाबीनची आवक वाढली आहे. मला सोयाबीनचं काय करायचं होतं? पण माझे डोळे भरून आले.

तरी म्हटलं, मुलाला विचारून सांगते. दुसऱ्या फेरीला पण तेच म्हटलं. तिसऱ्या फेरीला मालक म्हणाले, "भाभी, डब्बा घ्याचा आहे का रोज माझी खबर घ्याले येता?" मग काय, घेतला.

शनिवारी ते स्वतःच बसवायला आले. पट्टी टीव्हीखाली ठेवली, धाडधाड डबा कोपऱ्यात सारला आणि मागचे दोन स्पीकर हातात घेऊन उभे राहिले. मला विचारलं, तुम्ही बसता कुठे? मी स्वयंपाकघराच्या दारातलं स्टूल दाखवलं. शिवण बंद झालं, मशीन भिंतीला लागली, पण माझी जागा तीच आहे. त्यांनी सोफ्याकडे पाहिलं. त्याच्यावर मी चादर घालून ठेवली आहे, धूळ बसू नये म्हणून.

"अन् इथं कोण बसते?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

 मग ते वायर मोजायला लागले. एक स्पीकर ओट्याच्या वर, भांड्यांच्या मांडणीशेजारी लागला. दुसरा शिलाई मशीनच्या वर, भिंतीला. कंपनीच्या पुस्तकात सोफ्याच्या मागे लावा म्हणून चित्र होतं. ते पुस्तक त्यांनी मिटलं आणि म्हणाले, याच्यात तुमचं घर नाही. मग सगळ्या स्पीकरमधून एकच आवाज येईल असं करून दिलं. मला बजावलं की अशाने पिक्चरची मजा जाईल. जाऊ द्या, मी म्हटलं.

तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. समोर येऊन, सावकाश म्हणाले, "भाभी, कान दाखवले का?"

"तुम्ही रेडिओवाले, डॉक्टर कधीपासून झाले?"

ते हसले. पुन्हा विचारलं नाही. पण त्यानंतर चहा पिऊन जाईपर्यंत प्रत्येक शब्द ते माझ्याकडे तोंड करून बोलले.

रविवारी मी स्नान करून, धुतलेलं लुगडं नेसून स्टुलावर बसले. जसे काही पाहुणे मला पाहायला येणार होते. अकरा वाजता टीव्ही वाजला, आणि नातीचा आवाज माझ्या भांड्यांच्या मांडणीतून आला. "हाय आजी." इतका जवळून, की मी ओट्याकडे वळून पाहिलं. त्यांच्या घरातला मिक्सर ऐकू आला, खालचा भाजीवाला ऐकू आला. पोरीचा वरचा दात पडला होता, त्यामुळे तिचं "स" फुसफुसत होतं. वर्षभरात पहिल्यांदा मला कळलं की हिचा आवाज थोडा यांच्यावर गेला आहे. घोगरा आहे जरा.

मी बोलणार, तेवढ्यात ती कॅमेऱ्यापासून बाजूला झाली. सून पडद्यावर दिसत नव्हती, बाजूला कुठेतरी असेल. दोघी कुजबुजत होत्या. माझ्या रिमोटचं ते बटन दाबलेलं होतं. त्या बिचाऱ्यांना काय माहीत?

"अजून किती बोलू, मम्मा?"

"दोनच मिनिटं. दाताचं सांग."

"सांगून काय होतं? आजी सगळ्याला हो म्हणते. माझ्या गॅदरिंगला येशील का विचारलं, तेव्हा पण हो म्हणाली. मी तिच्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती."

"अगं, तिला ऐकू येत नाही. बाबाने सांगितलंय ना, आपल्याला माहीत आहे हे तिला कळू द्यायचं नाही. तिला वाईट वाटेल."

मी ओट्याला हात टेकला. म्हणजे मी त्यांच्यापासून लपवत होते, आणि ते माझ्यापासून. माझा मुलगा रोज संध्याकाळी मला स्पीकरची तोंडं समजावून सांगत होता, तेव्हा त्याला माहीत होतं की हे पिक्चरसाठी नाही. आणि तिकडे शाळेच्या त्या हॉलमध्ये एक खुर्ची माझ्या नावाने रिकामी राहिली होती, आणि मी इथे "हो बाळा" म्हणून वांगी चिरायला बसले असेन.

नात परत समोर आली. हसू आणलं तिने. ते आणलेलं हसू मला आता कळलं. तिने दाताचं सांगितलं, ते सगळं ऐकू आलं. मग नाडी गुंडाळत, खाली मान घालून ती काहीतरी पुटपुटली. ते मात्र स्पीकरलाही कळलं नाही. माझ्या तोंडावर "हो बाळा" आलंच होतं. वर्षाची सवय.

मी म्हटलं, "मले ऐकू नाही आलं, बाळा. पुन्हा सांग."

तिकडे मिक्सर बंद झाला. मुलगा कुठूनतरी येऊन तिच्या मागे उभा राहिला.  मी पुढे म्हटलं, "मले कमी ऐकू येते. गॅदरिंगचं तू विचारलं होतं, ते मले समजलंच नव्हतं. खुर्ची धरली होती ना तू?"

पोरगी कॅमेऱ्याच्या इतकी जवळ आली की पडद्यावर नुसतं एक नाक आणि ती दाताची खिडकी. सावकाश, एकेक शब्द तोडून तिने विचारलं, "पुढच्या वर्षी येशील का?"

"पाहू," मी म्हटलं. हो म्हटलं नाही. आता जे होणार असेल त्यालाच हो म्हणायचं.

तेवढंच झालं. मुलगा म्हणाला, आई, संध्याकाळी बोलतो. पडदा निळा झाला. घरात पुन्हा तेच, फक्त ओट्यावरच्या स्पीकरमधून बारीक सूं आवाज येत होता. तोही ऐकू येतो आता.

संध्याकाळी त्याचा फोन आला. कुलपाचा विषय निघालाच. मी नाही म्हटलं, तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला. सोमवारी आला नाही. मंगळवारी नाही. विचारायला आता काही उरलंच नव्हतं, साउंडबार तर घेऊन झाला होता. बुधवारी मी मनात जुळवत बसले, की सांगावं, मागच्या स्पीकरचा दिवा लुकलुकून राह्यला. मग तो दहा मिनिटं तरी बोलेल, हे बटन दाब, ते काढ, परत लाव.

दिवा लुकलुकत नव्हता. मी फोन लावला.

"काय झालं आई, स्पीकर बिघडला का?"

"नाही," मी म्हटलं. "चांगला आहे. सहजच लावला फोन."

तो म्हणाला, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो. बरं, मी म्हटलं. फोन ठेवला, टीव्ही लावला आणि स्टुलावर पाठमोरी बसून मेथी निवडायला घेतली. फोन मात्र मांडीवरच ठेवला.