आण्णांना ऐकू आलेले पाच ग्रह

आधीच सांगते, आमच्या बौद्ध घरात अंगारे-धुपारे, भुतंखेतं याला कधीच थारा नव्हता. त्यात मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. तरी हे लिहितेय... कारण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

१९९७ साल, कबनूर. मी नववीत. माझे वडील, आण्णा, यंत्रमागांच्या कारखान्यात जॉबर — म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. शिक्षण चौथी. पण चाळीस मागांच्या खडखडाटात नुसत्या ठेक्यावरून कुठला माग बिघडणार ते ओळखायचे, आणि कधी चुकायचे नाहीत.

विज्ञान प्रदर्शनासाठी मी '५५ कॅन्क्री' हा कर्क राशीतला तारा घेतला होता. तेव्हा त्याच्याभोवती एकच ग्रह सापडला होता. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डुलतो, त्या डुलण्याचा आलेख सरांनी मासिकातून कापून दिला होता. आण्णांनी जेवता जेवता त्या वर-खाली रेषेवरून बोट फिरवलं, ताटाच्या कडेवर टकटक केली आणि म्हणाले, "ह्यो एकाचा ठेका न्हाय, पोरी. पाच हायत."

मी हसले. पण त्यांनी सुताच्या पाच रिकाम्या कांड्या रंगवून माझ्या ताऱ्याभोवती बसवल्याच!

परीक्षक म्हणाले, "सापडलाय एकच. बाकीचे चार काढ, तरच नंबर." जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जायची मला कोण हौस! आण्णा शिफ्ट सोडून आले होते, केसांत कापसाचं तूस तसंच. हळूच म्हणाले, "काढ की. तुजा नंबर जाईल." मी म्हटलं, "नाही काढणार. माझे वडील ठेका चुकत नाहीत."

नंबर गेला. घरी येऊन मी खूप रडले, खोटं कशाला बोलू.

पुढे २००२ मध्ये आणखी दोन ग्रह सापडले, २००४ मध्ये चौथा. आणि २००७ मध्ये बातमी आली — पाचवा! मी तशीच कारखान्यात पळाले, आण्णांच्या कानाशी ओरडले, "पाच निघाले!" अभिमानाने ऊर नुसता भरून आला होता. ते म्हणाले, "मग? मी काय म्हणलोतो?"

त्या जुन्या आलेखातून पाच ग्रह काढणं अशक्य आहे. मी स्वतः गणित करून पाहिलंय, दुसरासुद्धा धड निघत नाही. म्हणून कारखान्याबाहेरच्या चहाच्या गाड्यावर मी त्यांना विचारलंच, "आण्णा, तुम्हाला कळलं कसं?"

"ऐकाय आलं की."

"कागदावर?"

"व्हय. तुला न्हाय येत?"

मी तो कागद अजूनही काढून बसते... मला नाही येत.