पुढारी दादा श्रूजबरीत

दिगंबरला आपल्या थोरल्या भावाचा एकही शब्द खरा वाटत नसे. का वाटावा? त्र्यंबकदादा पडला पुढारी, आणि तोही विलायतेतला! मोज्यांच्या कारखान्यात कामाला गेलेला माणूस, युनियनमधून थेट शहराच्या कौन्सिलात शिरला, पक्षाचा लीडर झाला, आणि आता त्याच खुर्चीवर त्याचा मुलगा राजीव. दिगंबर आपला अमेरिकेतल्या श्रूजबरीत साधा इंजिनिअर. कामावर जावं, हिवाळ्यात बर्फ उपसावा, राजकारणाच्या वाटेला जाऊ नये.

१९८६च्या शरदात दादाचा फोन आला, "दिगू, आम्ही दोघं येतोय. आईला भेटायला."

"म्हणे आईला भेटायला!" दिगंबर बायकोवर, शरयूवर, उखडला. "इतकी वर्षं आई आपल्याकडे आहे, तेव्हा नाही आठवली. मे महिन्यात इलेक्शन आहे त्यांचं! नऊवारीतली आजी तिथल्या आपल्या लोकांपुढे मिरवायची, फोटो छापायचे. मी काय दुधखुळा आहे?" पण खरी भीती वेगळीच होती. आईला नेलंच, तर हे घर त्याला खायला उठलं असतं.

बापलेक आले. राजीवने घरात पाऊल टाकण्याआधी शेजारच्या म्हाताऱ्याशी हात मिळवला. अरे, त्याचं मत तुला काय कामाचं? दादा आईचे पाय चेपत बसला. नाटकं मेली! दिगंबरने रजाच टाकली आणि तिघांना क्षणभर म्हणून एकटं सोडलं नाही. तरी जेवताना दादाने हळूच विचारलं, "आई, तुझा पासपोर्ट कुठे असतो गं?"

झालं! दिगंबरने हातातली पोळी ताटात आपटली. "कशाला हवाय पासपोर्ट? मतांसाठी न्यायचंय ना तिला? सरळ बोल की!"

दादाने तोंड उघडण्याआधीच बोलली ती आई. "त्याच्यावर ओरडू नकोस. मीच म्हटलं त्याला, मला ने."

"तू? कधी?"

"तो रोज दुपारी फोन करतो. तुम्ही कामावर असता."

"मला कुणी सांगितलं नाही ते!"

"तू दादाचं नाव काढलं की चिडतोस. म्हणून मीच नको म्हटलं."

दिगंबरचा आवाज चिरकला. "इथे काय कमी आहे तुला?"

"काही नाही रे. तुम्ही दोघं सोन्यासारखी आहात. पण तुम्ही गेलात की दिवसभर माझ्या तोंडून शब्द निघत नाही. त्याच्याकडे सारखी माणसं येतात. कुणाचं गटार तुंबलंय, कुणाच्या भावाचा व्हिसा अडलाय. त्यांना चहा करीन, चार शब्द बोलेन."

"अगं, हे दोघं तुझा फोटो छापून मतं मागतील!"

"मागू देत की! आजी म्हणून कुणी हाक तरी मारेल."

शरयूने डोळ्यांना पदर लावला. राजीव उठून आजीशेजारी जाऊन बसला.

मग दिगंबर उठला आणि आपली ऑफिसची बॅग घेऊन आला. दादाचा फोन आला त्याच दिवशी त्याने आईचा पासपोर्ट तिच्या कपाटातून काढून त्या बॅगेत दडवला होता. सगळ्यांदेखत त्याने तो बाहेर काढला आणि आईच्या हातात दिला.