वखारीतलं दमेकरी इंजिन

दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या चिंचवडच्या वखारीतलं इंजिन बिघडलं. सुरू होताना शहाण्यासारखं सुरू व्हायचं. दहा मिनिटं झाली की अडखळायचं, एक ठोका मारायचं, दोन गाळायचं, आणि पाचर अर्ध्या ओंडक्यात रुतलेली असताना मान टाकायचं. पट्ट्यानं फिरणारं जड चाक आणि त्याला जोडलेली, मागंपुढं होणारी लोखंडी पाचर, असं ते लाकूड फोडायचं यंत्र. बाभळीचा ओंडका त्याच्यापुढं भाकरीसारखा मोडायचा. ते चालवणं हे माझं काम, आणि ते काम सोडलं तर या मुलखात माझं काहीच नव्हतं.

मी कोकणातला. चौथीनंतर शाळा सुटली आणि खाडीतल्या लाँचवर इंजिन पुसायला लागलो. तेवढ्या विद्येवर मालकांनी मला ठेवून घेतलं. झोपायला वखारीत जागा दिली, दोन वेळची भाकरी त्यांच्या घरून यायची. या उपकारानं मी इतका दबून असायचो की शिंक आली तरी वाटायचं, आधी मालकांना विचारावं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मालक म्हणाले, "बास झालं. तळेगावचं एक पाव्हणं दुपारी इंजिन घ्यायला येत्यात. आमी आपलं कुऱ्हाडीवरच बरं."

वखारीत कुऱ्हाड चालवणारे एक म्हातारे आबा होते. ते म्हणाले, "कोकण्या, तुझ्या इंजिनाला दमा लागलाय रं. आडुळसा पाज."

मी हसलो आणि पाना हातात घेतला. इंजिन गेलं की मीही गेलो. प्लग काढून काचकागदानं घासला. कार्बोरेटरची जेट, म्हणजे रॉकेल सुटायची बारीक तोटी, तोंडानं फुंकली, जिभेवर रॉकेलची चव घेऊन हिंडलो. दर वेळी टाकीचं झाकण उघडून काडी बुडवून बघायचो, रॉकेल आहे ना. झाकण लावायचो, इंजिन सुरू व्हायचं, मी देवाचं नाव घ्यायचो, आणि दहा मिनिटांनी पुन्हा तेच.

शेवटी वाटलं, रॉकेलच भेसळीचं असेल. नवा पत्र्याचा डबा घेतला, खिळ्यानं कोपऱ्यात भोक पाडलं आणि कलता केला. डबा उचक्या देत थेंब थेंब गळू लागला.

आबा तंबाखू मळत बघत होते. "आरं येड्या, दुसरं भोक पाड की! आत वारं जायला नगं व्हय? घरातल्या पोरीला बी कळतंय."

खिळा हातात तसाच राहिला. मी टाकीकडं धावलो. टाकीच्या झाकणालाही वारं आत घ्यायला सुईएवढं भोक असतं. ते दिसेना. त्या जागी तेलात कालवलेल्या कुंकवाचा, वाळून टणक झालेला टिळा! खंडेनवमीला इंजिनाची पूजा मीच केली होती. यानंच आपलं पोट भरतं, या भरात एकही बोल्ट मी कोरडा सोडला नव्हता, आणि झाकणावर तर अंगठ्यानं दाबून दाबून कुंकू लावलं होतं. झाकण उघडलं की बिचाऱ्याला श्वास मिळायचा, लावलं की गुदमरायचं.

बाभळीच्या काट्यानं भोक मोकळं केलं. टाकीनं सुस्स करून वारं ओढलं. हँडल मारलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली, इंजिन एका तालात ठोके देत राहिलं.

"वाचली माझी पाठ!" म्हणत आबांनी टोपी उडवली.

आवाज ऐकून मालक आले. लपवता आलं असतं, पण मी अडखळत सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे पूजा करता करता देवाचंच नाक दाबलंस व्हय?" म्हणून ते इतके हसले की ओंडक्यावर बसावं लागलं.

तेवढ्यात तळेगावचे पाहुणे आले आणि माझं हसू मावळलं. बिघडलेलं इंजिन न्यायला आलेला माणूस चालतं इंजिन बघून हरखून गेला. चाकाभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "घेतलं म्हणा!" मला वाटलं, दुरुस्त करून मी आपल्याच हातानं आपली भाकरी विकायला काढली.

मालकांनी त्यांना चहा दिला, पान दिलं. मग म्हणाले, "राव, इंजिन नेऊन काय करताय? ते या कोकण्याबिगर चालत न्हाई."

"मग त्याला बी द्या."

"त्यो न्हाई द्यायचा," मालक म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "बघत काय बसलास? लाव ओंडका."

मी लावला. मग दुसरा, तिसरा. फोडलेली लाकडं पार रस्त्यापर्यंत गेली, तसे रचणारे आबा ओरडायला लागले, "आरं थांब की लेका, आता काय घाटाखाली न्हेऊन रचू व्हय?"