चिपाडाच्या गंजीतली मुनिया

आकाराम गुळव्या गुळाचा रस आटवायच्या काहिलीशी जेवढं बोलायचा, तेवढं बायकोशी उभ्या जन्मात बोलला नसेल. कसबा बावड्याला सयाजीरावांच्या गुऱ्हाळावर रस तापला, की "शानी माझी, उतू नगं जाऊस" अशी लाडीगोडी सुरू व्हायची. फेस चढला की थेट शिव्या. बघे गुळापेक्षा या संसारालाच भुलायचे.

चुलवाणात जाळ घालायला बिहारचा रामसुरत होता. त्याच्या हाताखाली त्याची नऊ वर्षांची मुनिया. वाळली चिपाडं ओढून ओढून पोरीचे तळवे फाटले होते. आकाराम ते बघायचा आणि परत काहिलीत बघायचा.

त्या दुपारी बालमजूर शोधणारे दोन साहेब आले. जीप दिसताच सयाजीरावांनी मुनियाला चिपाडाच्या गंजीत कोंबलं. साहेबांना काही सापडलं नाही. ते जीपमध्ये जाऊन बसलेसुद्धा. पण सयाजीरावांच्या जिभेला सात पिढ्यांची सवय.

"अहो पावणं, गुऱ्हाळावर येऊन रस न पिता जाताय? आमची अब्रू काढताय व्हय!"

बोलून गेल्यावर त्यांना घाम फुटला. साहेब मात्र आनंदानं उतरले आणि बाजेवर ऐसपैस बसले. एकानं रसात आलं पिळायला सांगितलं.

तेवढ्यात वारं फिरलं. धुराड्यातल्या ठिणग्या गंजीवर पडू लागल्या. रामसुरत हातातलं चिपाड तसंच धरून उभा राहिला. सयाजीराव डोळ्यांनीच दटावत होते, गप! गंजीतून धुराची बारीक रेघ निघाली.

आकारामनं हातातलं फावडं फेकलं.

"लेकरू हाय की तितं!"

तो गंजीवर तुटून पडला. पाय हाताला लागले तसं त्यानं मुनियाला बाहेर ओढलं. रामसुरतनं भरली घागर गंजीवर उपडी केली.

"कोण ही?" ग्लास ठेवून साहेब उठले.

"रामसुरतची पावणी," सयाजीराव म्हणाले. "कालच आलीया बिहारातनं. लपंडाव खेळत असंल. मराठीचं एक अक्षर कळत न्हाय बिचारीला."

मुनियानं खोकत डोळे पुसले, मागं बघितलं आणि किंचाळली, "आकारामकाका, काहील उतू चाललीया की! बघताय काय नुसतं?"

कुणीच हललं नाही. साहेब आकारामकडं वळले. "मामा, खरं सांगा. कधीपासून आहे ही इथं?"

सयाजीराव त्याच्याकडं एकटक बघत होते. पुढच्या हंगामाची भाकरी त्या नजरेत होती.

"दिवाळीपास्नं," आकाराम म्हणाला. "रोज. हात बघा तिचं."

मुनियानं हात पाठीमागं लपवले.