आकारामची करवत आणि माझी रांगोळी

१२ फेब्रुवारी १९७४, मंगळवार. सकाळी थंडी. दूध दीड लिटर. दुपारी आकारामने करवतीने माझं अंगण आणि ओट्याची खालची पायरी कापली. चूक माझी.

आकाराम आमच्या शेजारचा. पलटणीत मोटार दुरुस्त करायचा. पेन्शनवर घरी आला तो एकच वेड घेऊन: जमीन कापायची करवत. सांगलीच्या लाकडाच्या वखारीत फिरती करवत पाहिली आणि याला वाटलं, लाकूड कापतं तर माती का नाही? जाड पत्र्याची बैलगाडीच्या चाकाएवढी तबकडी केली, तिला जुन्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पोलादी पाट्यांचे दात जोडले. ती ट्रॅक्टरच्या मागे बसवायची, म्हणजे पाइपलाइनचा चर आपोआप पडत जाणार. दोन वर्षं गाव त्याला करवतराव म्हणत होतं.

ट्रॅक्टर त्याच्या थोरल्या भावाचा, हंबीररावांचा. नदीवरून उसाला पाणी आणायचं होतं. ते म्हणाले, "एकच दिस देतो. सांजंपतूर चर पडला तर ठीक, न्हाई तर तुजी करवत भंगारात. उद्या माणसं लावतो."

"दादा, लोण्यागत कापंल."

"लोणी तरी भाकरीवर घेता येतंय," आकारामची बायको लीलाबाई म्हणाली.

खळ्यावर ट्रॅक्टर उभा केला. तिथून उजवीकडे, शेताकडे, आकारामने चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ ओढली. बघायला आलेल्या पाहुण्यांचा चहा माझ्याकडे होता. शुभकार्य म्हणून मी डावीकडे, खळ्यापासून माझ्या ओट्यापर्यंत, रांगोळीची रेघ काढली. पाचगणीच्या शाळेत सिस्टरांनी पट्टीशिवाय रेघ मारू दिली नव्हती. मी सुतळी लावून काढली. फक्कीपेक्षा कितीतरी सरळ आली.

नारळ फुटला. करवत फिरली. धुरळा असा उडाला की माणूस दिसेना. आकाराम मान मागे वळवून करवतीचे दात बघत होता. मधूनच पुढे बघायचा, पांढरी रेघ दिसली की समाधानाने पुन्हा मागे. त्याने दोन रेघांतली सरळ निवडली.

"आरं, डावीकडं कुटं निगालास!" हंबीरराव ओरडले. सगळं खळं ओरडायला लागलं. त्या आवाजात आकारामला ते कौतुक वाटलं. त्याने हात वर करून सगळ्यांना रामराम केला.

पायरीचा दगड कडाडला तेव्हा ट्रॅक्टर थांबला. आकाराम उतरला. समोर चहाची किटली घेऊन मी.

"काकी, तुमी हितं कशा?"

"मी इथेच राहते, आकाराम."

त्याचा चेहरा उतरला. लीलाबाईने पदर तोंडाला लावला. रडत होती की हसत होती, कळलं नाही. हंबीरराव काठी टेकत आले आणि चरात उतरले. चर गुडघ्याच्या वर, कडा खरवसाच्या वडीसारख्या. काठी आडवी धरून त्यांनी रुंदी पाहिली, मग वाकून एक डोळा मिटून लांबी.

"किती वेळ लागला रं?"

"चा उकळंस्तोवर," आकाराम खाली बघत म्हणाला.

हंबीररावांनी मिशीला हात लावला. "उद्याबी ट्रॅक्टर घे. फक्कीवरनं चालव." मग माझ्याकडे वळून, "आन काकी, तुमी उद्या नुसता चा करा."

संध्याकाळी ओट्यावर चढायला चरावर फळी टाकली. रांगोळीचा डबा माळ्यावर ठेवला.