शिदूमामाचे भोपळे

दुपारी पोहण्याचा तलाव बंद असतो तेव्हा मी ऑफिसातल्या बाकावर जरा आडवी होते. आज डोळा लागता लागत नाही. छातीवर मोबाइल आहे आणि त्यात महिलांच्या ग्रुपवर टाकायचा निरोप लिहून तयार आहे: 'आजपासून चारची बॅच बंद.' ती वेळ मला स्पर्धेच्या पोरींसाठी हवी आहे. माझ्या हाताखालची एक तरी पोरगी राज्याच्या संघात गेली पाहिजे, हे माझं ध्येय मी अख्ख्या सांगलीला सांगून ठेवलंय. तरी निरोप पाठवायला बोट उचलत नाही. पंखा कुरकुरतोय, क्लोरीनचा वास येतोय, आणि दारातून शिदूमामा आत येतो.

खांद्यावर वाळक्या भोपळ्यांची जोडी, काखेत सुंभ. याच भोपळ्यांवर त्याने मला आणि अर्ध्या गावाला विहिरीत पोहायला शिकवलं.

"मामा, तू वारलायस."

"व्हय. म्हणून काय भाचीकडं यायचं न्हाई? ऊठ, कंबर दे."

मला अजिबात वेळ नाही, असं मी सांगेपर्यंत तो माझ्या कमरेला सुंभ बांधूनही टाकतो, पूर्वीसारखाच आवळून. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. हा तर स्वतः जळून आलाय.

ऑफिसची फरशी संपते तिथून विहिरीच्या पायऱ्या सुरू होतात. मधल्या पायरीवर बक्षीस द्यायचा चौथरा मांडलाय. मामा एक नंबरवर बूड टेकतो आणि तंबाखू मळायला लागतो.

"समज, तुजी पोरगी राज्याला गेली. मग?"

"मग देशाच्या स्पर्धेला."

"आन् मग?"

"मग तुझं डोकं!" मी ओरडते. "माणसाला ध्येय नको? तुझ्यासारखं जन्मभर विहिरीच्या काठावर बसून राहायचं?"

त्याला राग येत नाही, हाच तर वैताग आहे. "ध्येय असू दे की. पदक गळ्यात पडलं, झालं काम. पर कुणी बुडू ने, ह्ये काम कदी झालं म्हणायचं गं? रोज कोण ना कोण जलमतंयच."

"ते कळतं मला."

"तुला हिरीत ढकललं ते काय पदकासाठनं व्हय?"

मी आणखीच चिडते. पाणी वर चढतंय. आता ते विहिरीचं नाही, पुराचं आहे, गढूळ, आणि आम्ही बाजारपेठेत दुकानांच्या पाट्यांशेजारी तरंगतोय. एका खिडकीचे गज धरून मालनताई उभी आहे. पुराच्या वर्षी ती खरोखरच अशी उभी होती, म्हणून तर पन्नाशी उलटल्यावर माझ्याकडे पोहायला शिकायला आली. आली खरी, पण तलावाचा कठडा काही सोडत नाही. बाकीच्या पोहायला लागल्या, ही अजून कठड्यालाच. तिच्यापायी माझा किती जीव जातो ते माझं मला ठाऊक.

"सोडा हात, मालनताई."

"बॅच बंद केली न्हवं तुमी, म्याडम?" ती विचारते. रागाने नाही, साधंच विचारते.

मला रडू फुटतं. मी मामावर खेकसते, "बघत काय बसलायस? धर ना तिला!"

"मी कसा धरू?" मामा म्हणतो. "मी मेलोय की."

पंखा कुरकुरतोय. मी बाकावर आहे आणि कंबर चुरचुरतेय. टी-शर्ट वर करून बघते तर कमरेभोवती लालभडक वळ, सुंभाच्या पिळासकट. ट्रॅकपँटची नाडी चाचपून बघते. ती सैल आहे. मेलेल्या माणसाने इतकं आवळू नये.

मी निरोप खोडते. स्पर्धेच्या पोरींना लिहिते, 'उद्यापासून पहाटे पाचला हजर.' त्या मला शिव्या घालतील, आणि माझी झोप जाणार ती वेगळीच. मग मालनताईला लिहिते, 'चारला या. आज कठडा सोडायचाच.'

लगेच उत्तर येतं. 'भ्या वाटतंय म्याडम.'

वळावर हात ठेवून मी लिहिते, 'वाटू दे. मी धरते.'