जुन्या गावच्या दगडांची आगटी

हुरडा भाजायचा तर आगटी लागते. आमच्याकडं आगटी म्हणजे मातीत खणलेला खड्डा, पावसाळ्यात बुजून जाणारा. यंदा मी ठरवलं, परसात पक्की बांधायची. आधी उरलेल्या शहाबादी फरशीचे तुकडे लावले. पहिल्याच जाळात फरशी फटाफट उडाली. एक कपची शेजाऱ्याच्या म्हशीला लागली आणि त्याच्या तोंडाचा पट्टा दुपारपर्यंत चालू राहिला. बाईमाणसानं नसत्या भानगडीत कशाला पडावं, म्हणे! मग तर मी हट्टालाच पेटले.

जाळाला टिकतो काळा दगड. तो आमच्या जुन्या गावात ढिगानं पडून होता. भूकंपात घर पडलं, वडील त्याखाली गेले, तेव्हाचा ढीग. नव्या वसाहतीत तिकडचा दगड कुणी आणत नाही, अपशकुन मानतात. माझी आई तर दगडी भिंतीच्या सावलीतही थांबत नाही. देवळालासुद्धा बाहेरूनच हात जोडते.

मी ट्रॅक्टरभर दगड आणून टाकले. आई दारातूनच ओरडली, "त्यानं तुझा बाप खाल्ला, अन् तू त्यालाच घरी आणतीस?"

"दगडानं न्हाय खाल्ला," मीही आवाज चढवला. "नुसत्या चिखलात गोटे रचले, वर हातभर मातीचं माळवद लादलं. दगडाचा काय गुन्हा? माझी भिंत गुडघ्याएवढी हाय. पडली तरी कुणाच्या अंगावर पडंल?"

ती आत गेली, त्या दिवशी जेवली नाही. मला लई वाईट वाटलं, पण काम थांबवलं नाही. अजून किती वर्षं भ्यायचं? तळाला मुरूम ठोकला. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड येईल असं पारखून बसवत गेले. आगटी टिकेल ह्याची खात्री होती. आई तिच्यापाशी बसेल का, ह्याचीच धास्ती होती.

हुरड्याच्या दिवशी गोवऱ्या पेटवल्या. एकही दगड तडकला नाही. शेजारी तर न बोलावता येऊन बसला. आई दारात उभी होती. मी मुद्दामच हाक मारली नाही, मारली असती तर ती आलीच नसती.

बऱ्याच वेळानं ती काठी टेकत आली. काठीनंच एका दगडाला ढोसलं.

"लई वर्सं जाळलंस मला," ती त्याला म्हणाली. "आता तू जळ."

मग पदर सावरून आगटीला चिकटून बसली आणि हुरड्यासाठी माझ्यापुढं हात केला.